छाटांची तेजी, शेंगांची मंदी

अर्नाळ्यापासून वसईपर्यंतचा किनारा हा वाड्यांचा मुलूख. राजोडी, सत्पाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ या गावांत समुद्राच्या अंगाला सुरूची झाडे आणि आत शिरले की नारळ, केळी, पानवेल, फुलझाडे आणि त्यांना पाणी पुरवणारी बावखले. या वाड्यांत जे पिकत आले, त्यातले बरेचसे कधी ना कधी बाहेरून आलेले आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. तेव्हापासून 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकेपर्यंत हा किनारा पोर्तुगीजांच्या सागरी व्यापाराला जोडलेला होता. त्या व्यापाराबरोबर अमेरिका खंडातली मिरची, अननस, पपई, पेरू, काजू आपल्याकडे आली आणि इतकी रुळली की ती परकी होती हेही विसरायला झाले.

त्याच अमेरिकेत, मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दमट जंगलांत, ऑर्किडच्या कुळातली एक वेल वाढत होती. तिला ऊन आणि सावली निम्मी-निम्मी लागते, चढायला झाड लागते, मुळाशी पालापाचोळा लागतो. कोकणातल्या कुठल्याही नारळ-सुपारीच्या बागेत हे सगळे मिळते. ही वेल म्हणजे व्हॅनिला. मिरची-काजूबरोबर ती मात्र आली नाही, आणि आली असती तरी तिला शेंग धरली नसती. शेंग का धरत नाही हे उलगडायला तीनशे वर्षे गेली. उलगडल्यावर ही वेल झपाट्याने जगभर पसरली आणि ज्यांनी ती लावली त्यांतल्या अनेकांना तितक्याच झपाट्याने खड्ड्यातही घालून गेली. 2000 ते 2005 या वर्षांत हे सारे आपल्या पश्चिम घाटात घडले. कर्नाटक आणि केरळात मोठ्या प्रमाणावर, गोव्यात आणि कोकणात लहान प्रमाणावर. त्या पाच-सहा वर्षांत काय झाले हे नीट कळायचे, तर आधी या वेलीच्या लागवडीचे शास्त्र कसे घडले ते पाहावे लागते.

फूल येते, फळ नाही

मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ भागातले तोतोनाक लोक व्हॅनिलाचे जुने जाणकार. त्यांना जिंकणाऱ्या अॅझटेकांनी तिच्या शेंगा खंडणीत घेतल्या आणि कोकोच्या पेयात घातल्या. 1519 मध्ये स्पॅनिश सैन्य मेक्सिकोत उतरले. त्यानंतर कोको आणि व्हॅनिला जोडीनेच युरोपात गेली. शेंगांना गिऱ्हाईक होते, भाव होता. पुरवठा मात्र एकट्या मेक्सिकोतून. वेली युरोपात नेऊन काचघरांत वाढवल्या गेल्या. त्या जोमाने वाढल्या, फुलल्यासुद्धा. पण शेंग एकीलाही नाही.

अडचण फुलाच्या रचनेत होती. व्हॅनिलाचे फूल हिरवट पिवळे असते आणि पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते. त्याच्या आयुष्यात फळ धरायला एवढी एकच सकाळ. परागकण आणि ते ग्रहण करणारा भाग दोन्ही एकाच फुलात, अगदी जवळ असतात. पण दोहोंच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. त्यामुळे फूल स्वतःहून फळत नाही. मेक्सिकोत हे काम तिथल्या काही मधमाश्या करत. वेल देशाबाहेर गेली, माश्या गेल्या नाहीत.

1836 मध्ये बेल्जियममधल्या लिएज इथे शार्ल मोरां या वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरातल्या फुलांवर हाताने परागीकरण करून शेंगा मिळवल्या. त्यानंतर पॅरिसमध्येही ते जमले. शास्त्राच्या दृष्टीने कोडे सुटले. मळ्यात राबणाऱ्या माणसाला एका सकाळी शेकडो फुलांवर वापरता येईल अशी रीत मात्र अजून हाती आली नव्हती.

ती आली हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरून. हे बेट फ्रेंचांच्या ताब्यात होते आणि मळे गुलामांच्या श्रमावर चालत. 1822 मध्ये पॅरिसहून तिथे व्हॅनिलाचे छाट नेण्यात आले होते. सेंट सुझान इथल्या फेरेओल बेलिए-बोमाँ या मळेमालकाकडेही एक वेल होती, वर्षानुवर्षे वांझ. 1841 मध्ये तिच्यावर त्याला शेंगा दिसल्या. त्या धरवल्या होत्या एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. एदमोंची आई त्याच्या जन्माच्या वेळीच वारली होती. मालक त्याला बागेत बरोबर घेऊन फिरे आणि कलिंगडाच्या कुळातल्या एका वेलीवर नर-मादी फुलांचा संयोग कसा घडवायचा हे त्याने मुलाला दाखवले होते. तेच ज्ञान त्या पोराने स्वतःच्या बुद्धीने ऑर्किडच्या अवघड फुलाला लावले. बांबूच्या बारीक काडीने फुलाची पाकळी बाजूला करायची, काडीच्या टोकाने मधला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने परागकण अलगद खाली दाबायचे. काही सेकंदांचे काम. आजही मादागास्करपासून कर्नाटकातल्या मलनाडपर्यंत व्हॅनिलाचे प्रत्येक फूल जवळजवळ याच रीतीने फळवले जाते. हात बसलेला माणूस एका सकाळी हजार फुले सहज उरकतो.

एदमोंला मळ्यामळ्यांतून ही रीत शिकवायला पाठवले गेले. 1848 च्या डिसेंबरात बेटावरची गुलामगिरी संपली. त्याला स्वातंत्र्य मिळाले आणि आल्बियुस हे आडनावही. पैसा मात्र मिळाला नाही. पुढे चोरीच्या आरोपाखाली तो तुरुंगात गेला. बेलिए-बोमाँने त्याच्या शोधाची आठवण देऊन दयेची याचना केली, तेव्हा शिक्षा कमी झाली. शोधाचे श्रेय दुसऱ्यांना देण्याचेही प्रयत्न झाले. तेही याच मळेमालकाने पत्रे लिहून खोडून काढले. 1880 मध्ये एदमों गरिबीतच वारला. तोवर त्याच्या हातोटीवर एक अख्खा व्यापार उभा राहिला होता. रेयुनियनचे मळेवाले वेलीचे छाट घेऊन मादागास्करला पोचले आणि मेक्सिकोची मक्तेदारी मोडली. विसाव्या शतकात मादागास्कर हा जगातला सर्वांत मोठा उत्पादक झाला.

एकाच वेलीची लेकरे

व्हॅनिलाच्या शेंगेत वाळूपेक्षा बारीक अशा हजारो काळ्या बिया असतात. तरीही मळ्यात बी कुणी पेरत नाही. ऑर्किडच्या बीमध्ये अन्नाचा साठा जवळपास नसतो. ठरावीक बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते. हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार याने 1899 मध्ये शोधले. 1922 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसनने बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. प्रयोगशाळेत व्हॅनिलाचे बी रुजवण्याची वाट यातून खुली झाली. शेतकऱ्याला मात्र तिची गरज वाटली नाही, कारण त्याच्याकडे छाट होता.

छाट लावणे ही गोष्ट राजोडीच्या कुणाही पानवेल लावणाऱ्याला सांगावी लागणार नाही. पानवेलही बियांवर नाही, बेण्यावरच वाढते. व्हॅनिलाचा साधारण हात-दीड हातापेक्षा लांब, शक्य तर मीटरभराचा निरोगी छाट घेतात. चार-आठ दिवस सावलीत ठेवून थोडा सुकू देतात, म्हणजे तो कुजत नाही. खालची तीन-चार पाने काढून तो भाग पालापाचोळ्याच्या थराखाली उथळ ठेवतात आणि वरचे टोक गिरीपुष्प किंवा पांगाऱ्याच्या खोडाला बांधतात. वेल वर चढू लागली की तिला हात पोचेल अशा उंचीवर वळवून खाली सोडतात, कारण पुढे प्रत्येक फुलाला हात लावायचा असतो. तिसऱ्या वर्षी फुले येतात. शेंग तयार व्हायला आणखी नऊ-दहा महिने.

या सोयीतच सगळा धोका दडलेला होता. छाटातून वाढलेली वेल मूळ वेलीची तंतोतंत प्रतिकृती असते. अलीकडच्या जनुकीय तपासण्यांतून असे दिसले आहे की मेक्सिकोबाहेर लावलेली बहुतेक व्हॅनिला एकोणिसाव्या शतकात युरोपातून गेलेल्या अगदी मोजक्या, बहुधा एकाच वेलीच्या वंशातली आहे. एका वेलीला जो रोग मारतो तो सगळ्यांना मारू शकतो. फ्युजेरियम ही बुरशी मुळे आणि खोड कुजवते. केळीवरचा कुप्रसिद्ध पनामा रोग याच बुरशीच्या एका प्रकाराने होतो. व्हॅनिलाचे मळे या कुजीने पुन्हा पुन्हा बसले आणि प्रत्येक वेळी जवळचा उपाय एकच होता: नव्या जागी पुन्हा तेच छाट लावणे.

दुसरा धोका बाजारातून आला. 1874 मध्ये फर्डिनांड टीमन आणि विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनतज्ज्ञांनी व्हॅनिलाच्या सुगंधातला मुख्य घटक, व्हॅनिलिन, कृत्रिमरीत्या तयार केला. पुढे कागद कारखान्यांच्या टाकाऊ मळीतून आणि नंतर खनिज तेलाच्या उत्पादनांतून तो फार स्वस्तात निघू लागला. जगात व्हॅनिलाचा स्वाद म्हणून जे खपते त्यात खऱ्या शेंगेचा वाटा आज एक टक्क्याच्या आसपासच असतो. शेंगेचा भाव फार चढला की आइस्क्रीमवाल्याला पर्याय तयारच असतो.

वादळानंतरची पाच वर्षे

भारतात मसाला मंडळाची स्थापना 1987 मध्ये कोचीला झाली आणि 1990 च्या दशकात मंडळाने व्हॅनिलाला उत्तेजन द्यायला सुरुवात केली. कारण सरळ होते. कर्नाटकातल्या मलनाडात आणि उत्तर कन्नडमध्ये सुपारीच्या बागा होत्या, केरळात नारळ-कॉफीच्या. वेलदोडा आणि मिरी यांचे भाव हेलकावे खात होते. उभ्या बागेच्या सावलीत, जास्तीची जमीन न अडवता, एक आंतरपीक मिळत होते. कोकणात हाच विचार नारळाच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी, केळी, अननस घेण्याच्या रूपाने रुजत होता. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने तो 'लाखी बाग' या नावाने लोकांपुढे ठेवला. व्हॅनिला या चौकटीत सहज बसणारी होती.

तरी सुरुवातीला ओढा बेताचाच होता, कारण भाव बेताचा होता. मादागास्करमध्ये सरकारी नियंत्रण 1990 च्या दशकात सैल झाले, भाव कोसळले आणि तिथल्या शेतकऱ्यांनी वेलींकडे दुर्लक्ष केले. दशकाच्या शेवटी प्रक्रिया केलेल्या शेंगांचा किलोला वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास भाव होता. अशा वेळी एप्रिल 2000 मध्ये 'हुडा' हे चक्रीवादळ मादागास्करच्या ईशान्य किनाऱ्यावर, नेमके व्हॅनिलाच्या अंतालाहा भागावर आदळले. वेली गेल्या, साठे गेले. 2002 मध्ये तिथे सत्तेवरून संघर्ष पेटला आणि निर्यात आणखी अडखळली. भाव चढत चढत 2003 च्या सुमारास किलोला 500 डॉलरपर्यंत गेले.

भारतात त्या काळात हिरव्या शेंगांना किलोला तीन हजार रुपयांच्या घरात भाव मिळाला. चोरांच्या भीतीने अनेक ठिकाणी बागांत रात्रीचे पहारे बसले, कुत्री पाळली गेली, कुंपणे उभी राहिली. मादागास्करमध्ये तर शेतकरी झाडावरच्या कच्च्या शेंगेवर टाचणीने टोचून आपली खूण उमटवतात; शेंग वाळली तरी ती खूण राहते.

तेजीचा खरा जोर मात्र शेंगेपेक्षा छाटात होता. ज्याच्याकडे वेल होती त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: ती राखून शेंगा घ्याव्यात, किंवा तोडून छाट विकावेत. शेंगेला तीन वर्षे आणि रोजची पहाट लागते. छाटाचे पैसे त्याच दिवशी. एकेका छाटाला शंभर रुपये आणि त्याहून अधिक मिळू लागले, तेव्हा वेलीच वेलींची गिऱ्हाइके झाल्या. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांतूनही रोपे बाहेर पडू लागली. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या मसाल्याच्या बागांत, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या काही होतकरू बागायतदारांकडे वेल पोचली. या काळात छाटाला जी मागणी होती ती आइस्क्रीम खाणाऱ्याची नव्हती, नव्याने लागवड करणाऱ्याची होती. प्रत्येक नवा शेतकरी आदल्या शेतकऱ्याचा नफा भरत होता. नवे शेतकरी संपले की साखळी तुटणार, हे तेव्हा फार थोड्यांनी पाहिले.

घाईने तोडलेल्या छाटांनी आणखी एक गोष्ट गावोगाव नेली: कूज. रोगट वेलीचा छाट बाहेरून ताजा दिसतो. बुरशी आणि विषाणू त्यातून बिनबोभाट प्रवास करतात. मलनाड आणि कोकणातल्या तीन-चार महिन्यांच्या मुसळधार पावसात पाणी तुंबलेल्या बागांत वेली पटापट काळ्या पडल्या.

शेंग हातात आली तेव्हा

2002 आणि 2003 मध्ये लावलेल्या वेली 2005-06 मध्ये फळल्या. त्याच्या आधीच बाजार फिरला होता. मादागास्करचे पीक सावरले. युगांडा, पापुआ न्यू गिनी, इंडोनेशिया आणि भारत इथल्या नव्या मालाची भर पडली. मधल्या महागाईत मोठे खरेदीदार कृत्रिम व्हॅनिलिनकडे वळले होते. ते लगेच परत आले नाहीत. 2004-05 मध्ये जागतिक भाव 50 डॉलरच्या खाली घसरले. आपल्याकडे तीन हजारांची हिरवी शेंग शंभरीच्या आसपास आणि पुढे त्याखालीही विकली गेली. छाटाला तर कुणी विचारेना.

या घसरणीत आपल्या शेतकऱ्याला सर्वांत जड गेली ती प्रक्रिया. झाडावरून उतरवलेल्या हिरव्या शेंगेला वास नसतो. तिच्यातले व्हॅनिलिन साखरेच्या रेणूला बांधलेले असते आणि विकर जागे झाल्यावरच ते सुटते. त्यासाठी शेंगा 63 ते 65 अंश तापमानाच्या पाण्यात सुमारे तीन मिनिटे बुडवतात, गरम असतानाच कांबळ्यांत गुंडाळून पेट्यांत भरतात, म्हणजे त्यांना घाम सुटतो आणि रंग चॉकलेटी होतो. मग आठवडाभर रोज थोडे ऊन, पुन्हा कांबळे. त्यानंतर सावलीत संथ वाळवण आणि शेवटी बंद पेट्यांत दोन-तीन महिने मुरवण. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो माल हाती येतो: काळसर, तेलकट, बोटाला गुंडाळता येईल इतका लवचीक. कुठेही घाई झाली की बुरशी येते किंवा शेंग कडक होते. हे कसब मादागास्करमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. आपल्याकडे लागवड पाच वर्षांत पसरली. कसब पाच वर्षांत पसरत नाही. म्हणून बहुतेकांना हिरवी शेंग मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याच्या हवाली करावी लागली.

अनेकांनी वेली उपटल्या किंवा तशाच सोडून दिल्या. केरळात उत्पादकांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढली आणि प्रक्रिया-विक्रीचा मार्ग शोधला. कोळिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने व्हॅनिलाचे बी प्रयोगशाळेत रुजवून आणि देशातल्या रानटी व्हॅनिला जातींशी संकर करून वेलीत विविधता आणण्याचे काम केले. बेर्नार आणि नडसन यांनी शोधलेली वाट, जी शेतकऱ्याने सोयीपोटी सोडून दिली होती, तिच्याकडे रोगामुळे पुन्हा यावे लागले. गोव्यातल्या मसाल्याच्या बागांत व्हॅनिला टिकली ती मुख्यतः पर्यटकांना दाखवण्यापुरती.

मार्च 2017 मध्ये 'एनावो' चक्रीवादळाने मादागास्करला पुन्हा झोडपले आणि 2018 मध्ये भाव 600 डॉलरपर्यंत, म्हणजे त्या वेळच्या चांदीहूनही वर गेला. पुढे तोही उतरला. वादळ, तेजी, छाटांची विक्री, लागवड, मंदी हा क्रम ओळखीचा आहे.

चिकू टिकला, व्हॅनिला का नाही?

दोष वेलीचा नव्हता, हे पालघर जिल्ह्याच्याच एका उदाहरणावरून पटते. चिकूही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, व्हॅनिलाच्या माहेरचाच. 1898 च्या सुमारास तो घोलवडला लागला आणि डहाणू-घोलवडची ओळख होऊन बसला. त्यालाही कलमांवर वाढवतात, त्यालाही रोग आहेत, वादळांचा मार आहे. पण चिकू झाडावरून उतरवून पाटीत भरला की मुंबईचे गिऱ्हाईक रेल्वेच्या अंतरावर आहे. तो खाणारा माणूस शेतकऱ्याला दिसतो, त्याची भूक दर वर्षी असते आणि तिला कारखान्यातला पर्याय नाही. राजोडी-आगाशीची केळी आणि पाने पिढ्यान्‌पिढ्या चालली तीही याच जोरावर. वसईच्या बागायतदाराची खरी मिळकत म्हणजे त्याच्या वाडीइतकीच त्याची बाजाराची जाण.

व्हॅनिलाच्या बाबतीत ही जाण आधी आली नाही. शास्त्राने दोन मोठी कामे फार सोपी करून ठेवली होती. एदमोंच्या हाताने फळधारणा सोपी केली आणि छाटाने वाढ सोपी केली. जे सोपे झाले ते सगळ्यांनी एकदम केले. जे अवघड राहिले, म्हणजे रोगाला तोंड देणारी विविधता, शेंगेवरची महिनोन्‌महिन्यांची प्रक्रिया आणि हजारो मैलांवरच्या खरेदीदाराशी टिकणारे नाते, त्याकडे तेजीत कुणाला वळून पाहायला सवड झाली नाही. नुकसान झाले ते तिथेच.

म्हणूनच ही हकीकत जुनी झालेली नाही. आज महाराष्ट्रात ड्रॅगन फ्रूटची लागवड जोरात आहे. तेही मध्य अमेरिकेकडचे आणि तेही छाटांवरच वाढणारे. उद्या आणखी एखादे पीक येईल आणि त्याची रोपे विकणारे ते पीक विकत घेणाऱ्यांच्या आधी दारात येतील. तेव्हा कोकणातल्या माणसाने दोन गोष्टींचा छडा आधी लावावा: रोपाला येणारा पैसा पीक खाणाऱ्याकडून येतो आहे की पुढच्या लागवड करणाऱ्याकडून, आणि पीक तयार होईल त्या वर्षी ते घेणारा कोण. या दोन्हींची पक्की उत्तरे मिळाली तर नवी वेल जरूर लावावी. हा किनारा चारशे वर्षे परदेशी पिके आपलीशी करत आला आहे, आणि यापुढेही करील.